पोचा इथे, मोड तिथे: लहान विमानांच्या सांगाड्याची तपासणी आणि दुरुस्ती – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हँगरमध्ये, फोनवर आणि चहाच्या टपरीवर मला पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विचारणारे तीन प्रकारचे असतात: शिकाऊ वैमानिक, विमानाचे मालक, आणि एएमईचं (विमान देखभाल अभियंत्याचं) लायसन्स नुकतंच हातात पडलेली मुलंमुली. उदाहरणं बहुतेक सेस्ना १५२ आणि १७२ ची आहेत, कारण माझी उमेदीची वर्षं त्यांच्याच शेपटीत शिरून गेली. हे वाचून कुणी ड्रिल हातात घेऊ नये. तुमच्या विमानाचं मेंटेनन्स मॅन्युअल आणि स्ट्रक्चरल रिपेअर मॅन्युअल सांगेल तेच खरं.

लँडिंग जरा जोरात झालं, पण विमान दिसायला ठीक आहे. पुढचं उड्डाण करू का?

नाही. आधी एएमईला सांगा.

१७२ मध्ये मागच्या दोन चाकांचे पाय म्हणजे स्प्रिंग स्टीलच्या पट्ट्या किंवा नळ्या. त्या वाकतात, धक्का पितात आणि उरलेला भार पोटातल्या बल्कहेडकडे, म्हणजे आतल्या आडव्या भिंतीवजा चौकटीकडे, देतात. पुढच्या चाकाचं तसं नाही. त्याचा स्ट्रट (धक्का पिणारा दांडा) फायरवॉलला धरलेला असतो आणि फायरवॉल म्हणजे इंजिन आणि केबिनमधली भिंत, शेवटी पातळ पत्राच. विमान उसळत उसळत पुढच्या चाकावर आपटलं की स्ट्रट, टायर, रिम सगळं जागच्या जागी दिसतं आणि आत फायरवॉल चुरगळलेली असते.

एकदा शंभर तासांच्या तपासणीनंतर एका १७२ चं काउलिंग (इंजिनाचं झाकण) परत बसवत होतो. मागच्या कडेचा एक स्क्रू काही केल्या भोकाशी जुळेना. हाताखालचा मुलगा म्हणाला, "सर, बाकीचे ढिले करून ढकलतो." म्हटलं, थांब. टॉर्च फायरवॉलला जवळजवळ टेकवून आडवा धरला, तर नोज गियरच्या खालच्या जोडाजवळ पत्र्यावर साडीच्या निऱ्यांसारख्या दोन बारीक घड्या. शेजारच्या तीन रिव्हेटांची डोकी एका बाजूला कललेली. लॉगबुकात हार्ड लँडिंगची नोंद नाही. कुणाच्या हातून झालं ते शेवटपर्यंत कळलं नाही, आणि मधल्या दिवसांत किती जण त्यातून उडून आले तेही कुणी मोजलं नाही. तो मुलगा आता स्वतः सही करतो, आणि स्क्रू जुळला नाही की आधी टॉर्च शोधतो.

म्हणून हार्ड लँडिंगनंतर मी हे बघतो: फायरवॉलचा खालचा भाग, इंजिन माउंटच्या नळ्यांची वेल्डिंग, फायरवॉलमागची स्किन (बाहेरचा पत्रा), दाराच्या फटी वरखाली सारख्या आहेत का, मागच्या चाकांच्या जोडाचे बल्कहेड, पंखांच्या मुळाशी इंधनाचा निळसर डाग, आणि शेपटी टेकली असेल तर तिथलं टाय-डाउन रिंग आणि त्यामागचं शेवटचं बल्कहेड. दार पूर्वीपेक्षा जोरात ओढावं लागतंय, ही तक्रार मी कधीच हसण्यावारी नेत नाही.

तपासणी नेमकी कुठून सुरू करायची?

धक्का कुठे लागला तिथून. पण तिथेच थांबायचं नाही. भार त्या जागेतून आत शिरला आणि कुठेतरी बाहेर पडला, त्याच्या वाटेवर चालत जायचं. पंखाचं टोक हँगरच्या खांबाला लागलं तर टोकाचा प्लास्टिकचा तुकडा तुटतो आणि सगळे त्याच्याभोवती गोळा होतात. मी मुळाशी जातो. टोकाला मागे ढकललं की पंख लांब तरफेसारखा वागतो आणि मुळाजवळच्या मागच्या स्पारच्या, म्हणजे पंखातल्या लांब तुळईच्या, फिटिंगवर सगळा जोर येतो. भोक लांबट झालंय का, बोल्ट वाकलाय का, आजूबाजूचा रंग तडकलाय का, ते बघायचं. मग पंखाला खालून टेकू देणाऱ्या स्ट्रटची दोन्ही टोकं. मग समोरचा, न लागलेला पंखसुद्धा, कारण दोन्ही पंखांना केबिनवरून जोडणारं कॅरी-थ्रू एकच असतं.

त्यानंतर मोजमाप. विमान जॅकवर सरळ करायचं, ठरलेल्या बिंदूंवरून ओळंबा सोडायचा, फरशीवर खुणा करायच्या आणि टेपने कर्ण मोजायचे. गवंडी गुण्या मिळाला की नाही हे जसं बघतो तसंच. डावा-उजवा फरक मॅन्युअलमधल्या मर्यादेबाहेर गेला तर सांगाडा पिळला गेलाय. पंखाचा पीळ वेगळा मोजावा लागतो. उडताना विमान एका बाजूला ओढत असेल तर सेस्नाच्या मागच्या स्पारच्या जोडावर एक्सेन्ट्रिक बुशिंग (भोक मध्यापासून सरकलेल्या कड्या) असतात, ती फिरवून दुरुस्त करता येतं. पण मोजायच्या आधी बुशिंग फिरवणं म्हणजे ताप का आला ते न बघता गोळी देणं.

रिव्हेटच्या मागे काळी रेघ दिसतेय. तेलाचा डाग असेल ना?

पुसा आणि दोन उड्डाणांनी परत बघा. परत आली आणि ती हवेच्या दिशेने मागे ओढलेली असेल तर रिव्हेट ढिला झालाय. भोकात हलता हलता अॅल्युमिनियमची काळी भुकटी बाहेर येते. आम्ही त्याला स्मोकिंग रिव्हेट म्हणतो. एखादाच असेल तर बदलला की झालं. पण एका ओळीत सात-आठ असतील तर आतली रिब (पंखाची आडवी फासळी) किंवा स्पार काय म्हणतोय ते बघितल्याशिवाय नुसते रिव्हेट बदलणं फसवणूक आहे.

पंखाचा पत्रा दाबला की टक् आवाज येतो.

तेलाच्या डब्याचा तळ दाबल्यावर येतो तसाच? त्याला ऑइल कॅनिंगच म्हणतात. काही पॅनेलं कारखान्यातूनच तशी येतात. काळजी दोन गोष्टींची: आवाज नव्याने सुरू झाला असेल तर, आणि दोन सारख्या पंखांपैकी एकाच पंखावर येत असेल तर.

प्रॉपेलर जमिनीला जेमतेम घासला. टोक फाइल मारून चालेल?

प्रॉपेलरचं बघता येईल. प्रश्न इंजिनाचा आहे. धक्का क्रँकशाफ्टमधून मागच्या गिअरपर्यंत जातो. लायकमिंगच्या इंजिनांसाठी २००४ चा एक एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह (सक्तीचा सुरक्षा-आदेश), क्रमांक २००४-१०-१४, क्रँकशाफ्टच्या मागच्या गिअरची, त्याच्या बोल्टची आणि डॉवेलची (जागा धरणाऱ्या खुंटीची) तपासणी सक्तीची करतो. तिथली व्याख्याही नीट वाचा: इंजिन चालू असो वा बंद, पात्यावर साध्या फाइलकामापेक्षा जास्त दुरुस्ती लागली तर तो प्रॉप स्ट्राइकच. "बंद होतं, टो-बारने ओढताना लागलं" ही सबब त्यात बसत नाही.

गारपिटीत पोचे पडले. दिसायला वाईट आहे, पण धोका आहे का?

पोचा कुठे पडलाय त्यावर आहे. विदर्भ-मराठवाड्यात फेब्रुवारी-मार्चची गारपीट आणि मेमधला वळीव, दोन्ही उघड्यावर बांधलेल्या विमानांचे वैरी. फ्यूजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) पाठीवरचा गुळगुळीत, उथळ पोचा, कडा तीक्ष्ण नाही, रिव्हेटपासून आणि रिबपासून लांब, तर बहुधा मॅन्युअलच्या मर्यादेत बसतो. पंखाची पुढची धार वेगळी, कारण तिचा आकार बदलला की स्टॉलचं (पंखाची उचल तुटतानाचं) वागणं बदलतं. आणि सगळ्यांत नाजूक म्हणजे एलरॉन, एलिव्हेटर, रडर, म्हणजे विमानाची दिशा बदलणारे हलते भाग. यांचा पत्रा फारच पातळ असतो आणि त्यांचा समतोल ग्रॅमांच्या हिशेबात ठेवलेला असतो. पोच्यात पुट्टी भरून रंग मारला तर बिजागरीच्या मागे वजन वाढतं आणि एका वेगाला तो भाग फडफडायला लागतो. फ्लटर म्हणतात तो हाच. वैमानिकाला विचार करायलाही वेळ मिळत नाही. म्हणून या भागांवर पुट्टी नाही, आणि दुरुस्ती किंवा रंगानंतर समतोल पुन्हा मोजल्याशिवाय ते विमानावर चढत नाहीत.

वादळाचं आणखी एक: कंट्रोल लॉक लावला नसेल तर वारा रडर आणि एलिव्हेटरला रात्रभर इकडून तिकडे आपटतो. बिजागऱ्यांचे ब्रॅकेट, स्टॉप आणि आतला बेलक्रँक (केबलची ओढ वळवणारा कोनी दांडा) तपासा.

गॅरेजातला डेंटिंगवाला फार हुशार आहे. त्याच्याकडून पोचा काढून घेऊ?

त्याच्या हुशारीबद्दल वाद नाही, माझी स्वतःची गाडी त्याच्याकडेच जाते. पण गाडीचा पत्रा पोलादाचा. विमानाचा बहुधा २०२४-टी३, अॅल्युमिनियममध्ये तांबं मिसळलेला मिश्रधातू, कित्येक ठिकाणी जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. यातला टी३ म्हणजे तापवून, विझवून, ताणून आणलेली ताकद. गॅसची ज्योत लावली की ती गेली, आणि बघून कळत नाही. ठोकून सपाट केला तर पत्रा ताणला जातो, कडक होतो आणि तिथूनच पुढे चिरतो.

शिवाय या पत्र्यावर दोन्ही बाजूंनी शुद्ध अॅल्युमिनियमचा पातळ थर असतो, अॅलक्लॅड. आपल्याकडे पितळी भांड्याला कल्हई असते तशी ही पत्र्याची कल्हई. खालच्या मिश्रधातूला गंज लवकर धरतो, हा थर त्याला वाचवतो. ग्राइंडर फिरवला की कल्हई उतरली.

मग पत्र्याचं ठिगळ नीट कसं लावतात?

हा माझा आवडता प्रश्न, म्हणून जरा लांबण लावतो.

फाटलेला भाग आधी कापून काढायचा, गोल किंवा गोलसर कोपऱ्यांचा चौकोन. काटकोनी कोपरा ठेवला तर पुढची चीर तिथूनच निघणार. कडा घासून गुळगुळीत करायच्या, हाताला खरखर लागता कामा नये. ठिगळाचा पत्रा त्याच मिश्रधातूचा आणि त्याच जाडीचा, किंवा एक पायरी जाड. किती रिव्हेट, किती ओळी, हे अंदाजाने नाही. पत्र्याची जाडी आणि कापाची लांबी यावरून तक्ता सांगतो.

नेहमीचा रिव्हेट १/८ इंचाचा, ३० नंबरच्या ड्रिलने पाडलेल्या भोकात बसतो. त्याच्या डोक्यावर खळी असते. खळी ही एडी जातीची खूण, म्हणजे २११७ मिश्रधातू. अशा एका रिव्हेटची कातरताकद ३८८ पौंड धरतात, म्हणजे सुमारे १७६ किलो. भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत किमान दोन व्यास, इथे पाव इंच. त्याहून कडेला भोक गेलं तर ठिगळ वाया. दोन रिव्हेटांत किमान तीन व्यास. सगळी भोकं पडली की क्लेको नावाच्या स्प्रिंगच्या चिमट्यांनी पत्रे तात्पुरते धरायचे (१/८ इंचाचे क्लेको तांबूस रंगाचे, पेटीत उठून दिसतात), मग सगळं परत सोडवायचं, भोकांच्या कडा साफ करायच्या, प्रायमर मारायचा आणि मगच ठोकायला घ्यायचं. घाईत असलेला माणूस हे सोडवणं टाळतो आणि पत्र्यांच्या मध्ये ड्रिलचा कीस अडकून राहतो.

ठोकायला दोघं लागतात. एक बाहेर गनवर, दुसरा आत बकिंग बार (पोलादी ठोकळा) धरून, बहुतेक वेळा खांद्यापर्यंत पंखात हात घालून, न बघता. आतून तयार होणारं डोकं व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच हवं, म्हणजे १/८ साठी ३/१६ रुंद आणि १/१६ उंच. त्याहून चपटं झालं तर जास्त ठोकलं, उंच राहिलं तर कमी. गन घसरली की पत्र्यावर चंद्रकोर उमटते. तिला आम्ही स्माइल म्हणतो, आणि हसायला कुणालाच येत नाही.

चुकलेला रिव्हेट काढतानाही संयम लागतो: डोक्याच्या मधोमध, डोक्याच्या जाडीइतकंच ड्रिल, डोकं पंचने उडवायचं, मागे आधार धरून दांडा बाहेर काढायचा. भोक मोठं झालं तर पुढच्या मापाचा रिव्हेट, पण कडेचं अंतर परत मोजून.

ठिगळ जितकं जाड तितकं मजबूत, नाही का?

नाही. पंख वाकण्यासाठीच बनवलेला असतो. मध्येच एक ताठर चौकोन बसवला की भार त्याच्या कडेवर साचतो आणि ठिगळाशेजारचा जुना पत्रा चिरतो. मूळ ताकद परत आणायची, त्याहून फार जास्त नाही.

खुणा करायला पेन्सिल चालते?

कापून टाकायच्या भागावरही नको. शिशाच्या पेन्सिलीत ग्राफाइट असतं, अॅल्युमिनियमशी त्याची जोडी जमली की गंज. परमनंट मार्कर वापरा. टोकदार लोखंडी सुईने ओरखडा काढणाऱ्याला मी हँगरबाहेर काढतो.

चिरेच्या टोकाला भोक पाडलं की चीर थांबते म्हणतात.

स्टॉप ड्रिल. टोकाशी एकवटलेला ताण भोकाच्या गोलाईवर पसरतो, म्हणून चीर तात्पुरती थांबते. काउलिंग, फेअरिंग (हवा सरकवणारी आवरणं), चाकाचं स्पॅट यांवर ठीक आहे. स्पार, फिटिंग, चाकाचा पाय यांवर अजिबात नाही. आणि डोळ्यांना दिसतं त्याच्या पुढे चिरेचं खरं टोक असतं. डाय पेनिट्रंट मारून शोधा: जागा स्वच्छ करून लाल द्रव लावायचा, मुरू द्यायचा, पुसायचा आणि वर पांढरा डेव्हलपर फवारायचा. पांढऱ्यावर कुंकवासारखी बारीक रेघ उमटते. अर्थात पृष्ठभागावर तोंड उघडलेली चीरच यात सापडते.

जी चीर दिसतच नाही तिचं काय?

४ एप्रिल २०१८ रोजी फ्लोरिडात डेटोना बीचजवळ प्रशिक्षणाचं एक पायपर पीए-२८आर-२०१ टच-अँड-गो (टेकून लगेच पुन्हा उड्डाण) करून वर चढत असताना त्याचा डावा पंख निखळला. आतले दोघेही गेले. विमान जुनाट नव्हतं, सुमारे ७,६९० तास उडालेलं. मुख्य स्पारच्या खालच्या कॅपमध्ये (कडेच्या जाड पट्टीत), बोल्टच्या भोकाशी, थकव्याची चीर सुरू होऊन वाढत गेली होती. कॅपच्या ८० टक्क्यांहून जास्त भागात ती पसरली होती. बाहेरून काही दिसण्यासारखं नव्हतं. त्याच ताफ्यातल्या दुसऱ्या एका विमानातही त्याच जागी चीर सापडली. पुढे बोल्ट काढून भोकं एडी करंटने (धातूत वीजप्रवाह निर्माण करून लपलेली चीर शोधण्याच्या पद्धतीने) तपासायचा आदेश निघाला.

दुसरी घटना २६ मे २०१९ ची, ऑस्ट्रेलियात माउंट आयझाजवळ. सर्वेक्षणासाठी खाली उडणारं सेस्ना २१०, कॅरी-थ्रू स्पार तुटून पंख गेला. सुरुवात एका छोट्याशा गंजाच्या खड्ड्यातून झालेली.

दोन्हीत साम्य काय? विमान जमिनीलगत, खडबडीत हवेत, किंवा पुन्हा पुन्हा चढ-उतर करत वापरलं जात होतं. लॉगबुकातला तास हा तासच, पण शिकाऊ वैमानिकाचा एक तास आणि शांत हवेत दोन शहरांमधला एक तास, स्पारला सारखे नसतात. म्हणून सेस्नाच्या जुन्या मॉडेलांसाठी एसआयडी नावाची जादा तपासणी-यादी आहे. ती मालकांना महाग वाटते, मला वाटत नाही.

आमचं विमान किनाऱ्याजवळ असतं. काय बघायचं?

अॅल्युमिनियमचा गंज तांबडा नसतो, पांढरट-करडी भुकटी आणि रंगाला आलेले पोपडे. जुहूसारख्या खाऱ्या हवेत विमान गोड्या पाण्याने धुवा आणि पोटाखालची पाणी जाणारी भोकं मोकळी ठेवा. गंज काढताना भांड्याची तारेची घासणी घेऊ नका. पोलादाचे कण पत्र्यात रुततात आणि नवा गंज सुरू होतो. स्वच्छ धातू लागेपर्यंत काढायचं, मग उरलेली जाडी मोजायची. मर्यादेखाली गेली तर पत्रा बदलायचा.

आणि उंदीर. पावसाळ्यात विमान दोन महिने उभं राहिलं की पंखात गवताची घरटी होतात. उंदराच्या मुताने स्पार खाल्लेला मी पाहिला आहे. गणपतीचं वाहन असलं तरी तिथे दया नको.

कॉम्पोझिट विमानांना हे लागू नाही ना?

रिव्हेटचं लागू नाही. गोंदियाला प्रशिक्षणासाठी वापरतात ती डायमंड डीए४०, किंवा बंगळुरूच्या एनएएल या संशोधन संस्थेचं हंसा, ही कॉम्पोझिटची, म्हणजे तंतूंचे थर रेझिनने चिकटवून केलेली. यांत पोचा पडतच नाही. मार लागला तर वरून साधा ओरखडा आणि आत थर सुटलेले. रुपयाच्या नाण्याने ठोकत जायचं: खणखणीत आवाज म्हणजे थर धरून आहेत, बद्द आवाज म्हणजे सुटले. मडकं घेताना वाजवून बघतो तसंच. दुरुस्तीत कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर तिरके घासून उघडे करतात आणि त्याच दिशेने, त्याच क्रमाने नवे थर चढवतात. ती विमानं बहुतेक पांढरी का, तर गडद रंग उन्हात तापतो आणि रेझिन मऊ पडतं.

लाकडी स्पारचं आणि कापडी पंखांचं काम आता आपल्याकडे करणारे हात थोडेच उरलेत. लाकडाचा जोड लांब उतार देऊन चिकटवतात, साधारण १२ ला १, एवढं सांगतो.

कागदपत्रांचं काय? कोण सही करू शकतं?

व्हीटी (भारतीय) नोंदणीच्या विमानाचं काम डीजीसीए या नागरी उड्डाण नियामकाने मान्यता दिलेल्या संस्थेत, आणि सही त्या विमानाचं लायसन्स असलेल्या एएमईची. पिस्टन इंजिनाच्या विमानांसाठी गट बी१.२. मॅन्युअलमध्ये न बसणारी दुरुस्ती असेल तर तिच्या आराखड्याला आधी मंजुरी लागते. अमेरिकेच्या एफएए या उड्डाण नियामकाचं एसी ४३.१३-१बी हे १९९८ चं पत्रक सगळ्यांच्या कपाटात असतं, पण ते वापरायचं कंपनीच्या सूचना नसतील तेव्हा, आणि प्रेशराइज्ड नसलेल्या भागासाठी. तिकडे स्वतःचं विमान असलेल्या मराठी मंडळींनी लक्षात ठेवावं: मोठी दुरुस्ती झाली असेल तर फॉर्म ३३७ (त्या दुरुस्तीची नोंद) मागून घ्या.

अपघातात मोडलं असेल तर हात लावू नका. माणसं बाहेर काढण्यापलीकडे अवशेष हलवायचे तर परवानगी लागते. आणि दुरुस्तीसाठी दुसऱ्या धावपट्टीवर उडवत न्यायचं तर स्पेशल फ्लाइट परमिट काढा.

पत्र्याचा तुकडा तो केवढा, आणि बिल एवढं?

बिल तुकड्याचं नसतं. तिथपर्यंत पोहोचायचं, टाकी काढायची, आतलं छत सोडवायचं, आणि बाकी काही मोडलं नाही याची खात्री करायची, याचं असतं.

वापरलेलं विमान घेतोय. जुनी दुरुस्ती कशी ओळखू?

गाडीसारखं चुंबक लावून पुट्टी सापडत नाही, अॅल्युमिनियमला चुंबक चिकटतच नाही. सकाळी सातच्या तिरक्या उन्हात शेपटीपाशी उभे राहा आणि स्किनवरून पुढे नजर लावा. लाटा, सुरकुत्या, एकाच ओळीत दोन जातीचे रिव्हेट, एका पॅनेलचा वेगळा चकाकता रंग, सगळं दिसतं. दिसलेल्या प्रत्येक खुणेची नोंद लॉगबुकात शोधा. दुरुस्ती झालेलं विमान वाईट नसतं, नोंद नसलेली दुरुस्ती वाईट.

मग गुडघ्यावर बसून पंखाखालच्या तपासणीच्या झाकणांचे स्क्रू बघा. खाचेत रंग भरलेला आणि कडेला न तुटलेला असेल, तर रंग दिल्यापासून ते झाकण उघडलेलंच नाही. विमान कधी रंगवलं ती तारीख काढा, आणि त्यानंतरच्या वार्षिक तपासण्यांखाली कुणाकुणाच्या सह्या आहेत ते वाचा.